सुचलेलं निसटण्याआधी

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते आणि घरी मराठीत गोष्टी लिहिते. घरात आम्ही तेलुगू बोलतो, माझी शाळा मराठीत झाली. अडचण अशी की, सुचतं भरपूर, पण हाताला लागत नाही. गाडीवरून घरी येताना शांती चौकापर्यंत अख्खा प्रसंग डोळ्यांसमोर असतो. घरी पोचून, स्वयंपाक उरकून जुना लॅपटॉप लावते. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. मग वर्ड, मग फॉन्ट, मग मराठी कीबोर्ड. पहिलं वाक्य टाइप होईतो दुसरं गेलेलं असतं. नोट्सची अ‍ॅप घेऊन झाली, तीन डायऱ्या अर्ध्या भरून पडल्यात. परवा एका डायरीत 'पाणी, आई, पाहुणा' एवढंच लिहिलेलं सापडलं. काहीतरी मोठं सुचलं होतं इतकं आठवतं, काय ते नाही. नवरा म्हणतो, हप्त्यावर नवीन लॅपटॉप घे. सासूबाई म्हणतात, कागद-पेन्सिल घे की. कारखान्यातली पोरं म्हणतात, एआयला सांगा, तो लिहून देतो. कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, हप्त्यावर लॅपटॉप आत्ता घेऊ नका. का ते पुढे सांगतेच, पण हे आधी सांगायला हवं, कारण एकदा हप्ता सुरू झाला की माझ्या बाकीच्या सांगण्याचा काही उपयोग नाही.

'पहिलं वाक्य टाइप होईतो दुसरं गेलेलं असतं' असं तुम्ही लिहिलंय. लॅपटॉप सुरू केल्यापासून ते पहिलं अक्षर उमटेपर्यंत तुम्ही काय काय ठरवत बसता, ते एकदा बघा. कुठला प्रोग्राम उघडू? नवीन फाइल घेऊ की जुनीतच खाली लिहू? फॉन्ट कुठला? कीबोर्ड मराठी झाला का? फाइलला नाव काय देऊ, ठेवू कुठे? यातला एकही प्रश्न अवघड नाही. पण प्रत्येकाला उत्तर द्यायला मन लागतं, आणि त्याच मनात तुम्ही तो प्रसंग धरून आणलेला असतो. माणसाच्या तात्पुरत्या आठवणीत जागा फार थोडी असते. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1956 साली ती साधारण सात गोष्टींची असल्याचं मांडलं. पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी तोवरचे प्रयोग पुन्हा तपासले आणि खरा आकडा चारच्या आसपास असल्याचं सांगितलं. म्हणजे आई, पाहुणा, पाणी आणि त्या दोघांमधलं एखादं बोलणं, एवढ्यात जागा भरली. त्यात फॉन्टचा प्रश्न घुसला की आधीच्यांपैकी कुणीतरी बाहेर पडणारच. तेव्हा आपलं स्मरण कच्चं आहे असं कृपा करून मनाला लावून घेऊ नका. सुचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये प्रश्न फार आहेत, ते काढायचे.

सुरुवात एका फाइलने करा. एकच फाइल, सगळ्यासाठी. गोष्ट, डिझाइन, कानावर पडलेलं एखादं वाक्य, सगळं तिच्यातच, एकाखाली एक. त्यासाठी विंडोजमधलं साधं नोटपॅड पुरतं. पहिल्या ओळीत टिंब द्या आणि त्याला लागूनच कॅपिटलमध्ये एल, ओ, जी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा. फाइल 'सुचलेलं' अशा नावाने सेव्ह करा. सेव्ह करताना खाली एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या, जागी यूटीएफ-8 आहे ना, तेवढं पाहून घ्या. तिथे एएनएसआय असलं तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत मिळत नाहीत. इथून पुढे ही फाइल उघडली की नोटपॅड आपणहून शेवटी त्या दिवसाची तारीख आणि वेळ टाकतं. फाइल आधीपासून उघडी असेल तर एफ-5 दाबा, तारीख-वेळ पडते.

आता फाइलवर राइट क्लिक करून तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर पाठवा. मग त्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे 'शॉर्टकट की' असा एक चौकोन असतो, त्यात एन दाबा. विंडोज स्वतःच त्याला कंट्रोल आणि ऑल्ट जोडून घेतं. ओके केलंत की झालं. कुठल्याही कामात असा, कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकदम दाबलं की फाइल समोर येते. नाव, जागा, फॉन्ट काहीही विचारत नाही. मात्र तो शॉर्टकट डेस्कटॉपवरच राहू द्या. आवराआवर करताना दुसऱ्या फोल्डरमध्ये ढकलला तर ही बटणं चालायची थांबतात.

तुमची आधीची अ‍ॅप वाईट होती असं मी म्हणत नाही. त्यांतली बरीचशी छान आहेत. पण उघडल्याबरोबर ती वही निवडायला सांगतात, लेबल मागतात, रंग विचारतात. ज्याला ऑफिसच्या मीटिंगा लिहायच्या आहेत त्याला ते सोयीचं असेल. तुम्ही डोक्यात धरून आणलेलं माणूस त्या रंगांच्या चौकटींपाशी निघून जातं.

आता मराठी टायपिंगबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमचा खरा वेळ इथेच जातो आणि याबद्दल नीट सांगणारं कुणी भेटत नाही.

पत्रात तुम्ही फॉन्ट निवडण्याचं लिहिलंय, त्यावरून वाटतं की श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये तुमचं काम चालत असावं. या जुन्या फॉन्टांमध्ये स्क्रीनवर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच चिन्ह. म्हणून तीच फाइल फोनवर उघडली की अर्थ न लागणारी रोमन अक्षरं दिसतात, आणि फाइलमध्ये 'पाहुणा' शोधायला गेलात तर सापडत नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जगभरची पद्धत. तिच्यात 'क' म्हणून साठवलेला 'क' कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही फोनवर 'क'च राहतो. त्यामुळे आजपासून जे लिहाल ते युनिकोडमध्येच. जुन्या फाइली बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात, पण ते काम आज काढू नका. त्यात आठवडे जातील आणि नवीन काही लिहून होणार नाही.

युनिकोडमध्ये लिहायचे ढोबळ दोन रस्ते. एक, रोमन अक्षरांत टाइप करायचं आणि कॉम्प्युटरने त्याचं मराठी करायचं. हा शिकायला सोपा. पण त्यात प्रत्येक थोड्या शब्दांनी खाली यादी उघडते, 'पाणी' की 'पानी', 'दिन' की 'दीन', आणि तुम्हाला निवडावं लागतं. म्हणजे पुन्हा प्रश्न, तेही वाक्याच्या ऐन मध्यात. चिठ्ठी-निरोपाला ठीक. गोष्ट लिहिणाऱ्या माणसाने दुसरा रस्ता धरावा असं माझं स्पष्ट मत आहे, तो म्हणजे इनस्क्रिप्ट.

इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये असतंच. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडलंत की मराठी कीबोर्ड म्हणून येतं ते हेच. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीतून मराठीत जाता येतं. रचना अशी की डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के वर 'क', आणि शिफ्ट धरून त्याच बटणावर 'ख'. आय वर 'ग', शिफ्टने 'घ'. ओ वर 'द', शिफ्टने 'ध'. डी वर हलन्त, म्हणजे जोडाक्षर करायचं तर मध्ये डी. 'प्र' हवा तर एच, डी, जे. तुमच्या गावाचं नाव लिहून बघा: एम, ए, एन, ई, एच, टी, जे. सात बटणं दाबली, 'सोलापूर' उमटलं, आणि ऱ्हस्व-दीर्घाबद्दल कुणी काही विचारलं नाही. जे लिहायचं ते बोटांनीच ठरवलं.

तुमच्यासाठी यात आणखी एक फायदा आहे. इनस्क्रिप्टची रचना भारतीय लिप्यांना सामाईक आहे. मराठीत ज्या बटणावर 'क', त्याच बटणावर तेलुगूतला 'क' आणि कन्नडमधलाही. तेलुगूचे ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे वेगळ्या बटणांवर आहेत. म्हणजे मराठीसाठी बोटं तयार केलीत की तेलुगू जवळजवळ आपोआप येतं. गोष्टीतल्या आजीचं बोलणं तुमच्या कानात तेलुगूत ऐकू येत असेल, तर ते तेलुगूत लिहा, नंतर मराठी करा किंवा तसंच ठेवा. पूर्व भागातल्या घरात तीन भाषा एका जेवणात बोलल्या जातात. ते बोलणं आधी मराठीत बसवून मगच लिहायचं असं ठरवलंत, तर त्यातलं निम्मं तिथेच वाळून जाईल.

सरावासाठी विंडोजचं बटण, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा, स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र येतं आणि भाषा मराठी ठेवली की त्यावर मराठी अक्षरं दिसतात. रोज पंधरा-वीस मिनिटं, आणि बोटांकडे न बघता. सुरुवातीचे दिवस चिडचिड होईल, रोमनमधून टाइप करणं त्याहून भराभर जमत होतं असं वाटेल. त्या दिवसांत सुचलेलं टिपायला इनस्क्रिप्ट वापरूच नका. वर्तमानपत्रातली एखादी बातमी समोर ठेवून ती उतरवा. सराव वेगळा, टिपणं वेगळं. बोटं आपोआप पडायला लागली की मग दोन्ही एक करा. (टंकलेखनाची परीक्षा दिलेले वाचक विचारतील म्हणून सांगते: टाइपरायटरची रेमिंग्टनची रचना युनिकोडमध्येही मिळते. बोटांत ती बसलेली असेल तर इनस्क्रिप्ट शिकायची गरज नाही.)

आता गाडीवरचं. कारखान्यातून निघाल्यावर शांती चौकापर्यंत जे दिसतं ते घरी पोचल्यावर लिहीन, हा बेत सोडून द्या. तो कधीच जमणार नाही, कारण घरी पोचल्यावर पहिल्यांदा घर बोलणार. गाडी बाजूला घ्या, पूर्ण थांबवा, आणि फोनला सांगा. फोनच्या पहिल्या पानावर गूगल कीप या नोट्सच्या अ‍ॅपचं विजेट, म्हणजे छोटी चौकट, ठेवा, त्यावर माइकचं चिन्ह असतं. ते दाबून बोललात की तुमचं बोलणं लिहिलेलंही राहतं आणि आवाजाची फाइलही त्यासोबत राहते. ही दुसरी गोष्ट मोलाची आहे. फोनला मराठी चांगलं कळतं, पण तुम्ही मध्ये तेलुगू बोललात, कुणाचं नाव घेतलंत, किंवा मागून ट्रक गेला की लिहिलेल्याचा बट्ट्याबोळ होतो. आवाज जपलेला असला की ऐकून दुरुस्त करता येतं. बोलण्याची भाषा मराठी करून घ्या, नाहीतर तो तुमचं मराठी इंग्रजी समजून लिहीत बसेल. घरी लॅपटॉपवर बोलून लिहायचं असेल तर गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे, त्यात मराठीही आहे. क्रोममध्ये डॉक उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एस.

मागांच्या खात्यात मात्र यातलं काही चालणार नाही, तिथे शेजारच्याचंच बोलणं ऐकू येत नाही. तिथे फोटो, आणि कारखान्यात फोनला मनाई असेल तर खिशातला कागद.

टिपायचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या डायरीतली 'पाणी, आई, पाहुणा' ही ओळ वाचून त्याबद्दल सांगावंसंच वाटलं. लिहिताना तुम्हाला ते तीन शब्द पुरले, कारण बाकीचं सगळं तेव्हा डोक्यात होतं. टिपण लिहायचं ते काही दिवसांनी ते वाचणाऱ्या तुमच्यासाठी, आणि तिच्या डोक्यात त्यातलं काही नसणार. तुम्हाला काय सुचलं होतं ते मला माहीत असणं शक्य नाही. पण समजा असं असेल: 'सोलापुरात पाणी काही दिवसांआड. आई मुलगी बघायला येणाऱ्यांना पाण्याचा दिवस देत नाही, घरभर घागरी आणि ओल असते. ते लोक चुकून त्याच दिवशी येतात. आई ओशाळते. मुलगा काही न बोलता घागर उचलून देतो, आणि मुलीला तो आवडतो तो तिथे, पोह्यांच्या वेळी नाही.' पाच-सहा छोटी वाक्यं. यात कोण आहे, कुठे आहे, काय बिनसतं, आणि तुम्हाला त्यात गोष्ट कुठे दिसली, हे सगळं आलं. भाषा सुंदर नाही, नसू दे. शुद्धलेखन बघू नका, वाक्य तुटलं तर तुटू दे. पण ज्या गोष्टीमुळे तुम्ही गाडी थांबवलीत, ती गोष्ट त्यात असलीच पाहिजे. आणि कुणाच्या तोंडचं वाक्य ऐकू आलं असेल तर ते जसंच्या तसं. बाकीचं पुन्हा रचता येतं, बोलण्याचा ढंग एकदा गेला की परत येत नाही.

डिझाइनचं थोडं वेगळं आहे, आणि इथे सासूबाई बरोबर आहेत. आकार शब्दांत पकडता येत नाही. सिद्धेश्वरच्या तलावात दिव्यांची प्रतिबिंबं कशी तुटतात ते तुम्ही बोलून फोनला सांगाल, पण बॉर्डरला त्याचा काही उपयोग नाही. पेन्सिलीने चार रेषा मारल्यात की काम झालं, आणि तेवढं वेगात करणारं यंत्र अजून मला दिसलेलं नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ चौकड्यांवर सुरुवात केली की पहिल्या मिनिटाला प्रश्न उभे राहतात: रिपीट किती, म्हणजे नक्षी किती अंतराने पुन्हा येणार, जेकार्डला, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्रणेला, धागे उचलणारे हूक किती, रंग किती. ते प्रश्न खरे आहेत, माग तेच विचारणार आहे, पण नंतर. आधी कागद, लगेच त्याचा फोटो, आणि फोटोसोबत एक ओळ: 'तलाव, संध्याकाळ, रेषा खाली जाताना तुटत जातात, पांढऱ्यावर एकच रंग.' नुसता फोटो ठेवू नका. महिन्याने बघाल तेव्हा त्यात तुम्हाला काय आवडलं होतं ते फोटो सांगणार नाही.

जाता जाता, तुमच्या खात्यात अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट. 1804-05 च्या सुमाराला फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी भोकं पाडलेल्या पत्त्यांवर नक्षी चालवणारा माग बनवला. भोक असलं की धागा उचलायचा, नसलं की नाही. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी तीच पत्त्यांची कल्पना घेतली. ज्या कॉम्प्युटरला तुम्ही वैतागलात, त्याच्या मुळाशी चादर-टॉवेल विणणाऱ्यांचं डोकं आहे. तुम्ही त्या यंत्राला परक्या नाही.

काम करताना उपयोगी पडणाऱ्या दोन सवयी. विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस दाबून स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा उचलता येतो. डिझाइन करताना चुकून काही छान जमलं, पण आत्ताच्या ऑर्डरला ते नको आहे, तर तेवढा तुकडा उचलून ठेवा. आणि विंडोजचं बटण व व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या बऱ्याच गोष्टींची यादी दिसते, पहिल्यांदा ती चालू करून घ्यावी लागते. गोष्टीतला परिच्छेद कापला आणि पेस्ट करण्याआधी दुसरंच काही कॉपी झालं, असं तुमचंही झालं असेल. या यादीत तो सापडतो. पण ही यादी कायमची नाही, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की पिन न केलेलं जातं. फाइलींना नावं देताना तारीख वर्षापासून लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे फोल्डरमध्ये त्या आपोआप क्रमाने लागतात.

इतकं टिपलंत की ढीग होणार. झालाच पाहिजे. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, ती फाइल आणि कीपमधलं सगळं शांतपणे वाचा. हे काम सावकाश करा. घाई फक्त पकडण्यापुरती. वाचताना ज्या टिपणापाशी आपण पुढचं वाक्य मनात म्हणू लागलो, ते उचलून स्वतंत्र फाइलमध्ये न्या आणि तिथेच पुढच्या दोन-चार ओळी लिहून टाका. बाकीचं जिथे आहे तिथेच राहू द्या. पुसू नका, वर्ग पाडू नका, लेबलं लावू नका. बहुतेक टिपणांचं काहीच होणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पुढे कधी पाण्यावर काही लिहायला बसलात तर कंट्रोल आणि एफ दाबून 'पाणी' शोधलं की सगळी टिपणं तारखेसकट समोर येतील. युनिकोडचा आग्रह मी धरला तो यासाठीही. तीन अर्ध्या डायऱ्यांचंही असंच करा. त्या पूर्ण टाइप करू नका. चाळा, ज्या पानावर थांबाल त्या पानाचा फोटो काढा.

एआयबद्दल कारखान्यातल्या पोरांना एवढंच सांगा की कच्चं टिपण त्याला देणार नाही. तो ते पटकन गुळगुळीत करून देईल, वाक्यं नीटनेटकी होतील, आणि ती वाचली की तुमच्या कानातलं मूळ बोलणं त्याखाली दबेल. गोष्ट तुमच्या हातून एकदा पूर्ण लिहून झाल्यावर शुद्धलेखन तपासायला किंवा जुन्या फाइली शोधायला खुशाल वापरा.

आता लॅपटॉप. आजपासून तो बंद करू नका, नुसतं झाकण लावा. स्लीपमध्ये गेलेला लॅपटॉप काही सेकंदांत उठतो. बॅटरी टिकत नसेल तर चार्जरला जोडलेला ठेवा. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट पुरे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात स्टार्टअपच्या यादीत सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम दिसतील. जे ओळखीचे आहेत आणि लागत नाहीत ते तिथे बंद करा. जे ओळखीचे नाहीत त्यांना हात लावू नका. चहा होऊन जाण्याइतका वेळ लागतोय म्हणजे आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असण्याची शक्यता मोठी आहे. विश्वासातल्या दुरुस्तीवाल्याला दाखवा आणि तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवता येईल का विचारा. नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च फार कमी येतो, आणि जुन्या यंत्रात यापेक्षा जास्त फरक पाडणारं दुसरं काही नाही. डिस्क बदलण्याआधी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: लॅपटॉपवर विंडोज 10 असेल तर त्याला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबले आहेत. त्यामुळे कधीतरी नवा घ्यावा लागेलच. तो त्या कारणासाठी, पैसे साठवून घ्या. सुचत असलेलं निसटतंय म्हणून नको.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं पण महत्त्वाचं. 'सुचलेलं' ही फाइल कारखान्याच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, जेवणाच्या सुट्टीत लिहिलंत तरी नको. फोनवर किंवा घरच्या लॅपटॉपवरच ठेवा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. टॉवेलसाठी काढलेली बॉर्डर कारखान्याची, यात वावगं काही नाही, त्याचाच पगार मिळतो. गोष्टी तुमच्या आहेत. दोन्ही असलेली फाइल कारखान्याच्या मशीनवर असली की उद्या नोकरी बदलताना काय कुणाचं यावर बोलणं वाढतं, आणि बहुतेक वेळा ती फाइल तिथेच राहून जाते. कामाला लागताना सही केलेलं पत्र घरात असेल तर या रविवारी काढून वाचा. त्यात डिझाइनबद्दल किंवा फावल्या वेळातल्या कामाबद्दल वेगळं काही लिहिलं असेल तर आधी ते समजून घ्या, आणि कळलं नाही तर ते पत्र मला पाठवण्याऐवजी वकिलाला दाखवा.